खासदाराची भाषणं वाचायला घेतलीस? आधी हे बघ

नवीन आहेस म्हणून सांगतो, पीआरएस (खासदारांच्या कामाची नोंद ठेवणारी संस्था) खासदाराच्या नावापुढे डिबेटचा, म्हणजे चर्चेतल्या सहभागाचा आकडा देते, नुसत्या त्यावर भुलू नकोस. त्यात बिलावरचं लांबलचक भाषण पण धरतात आणि शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायचा वेळ) मिनिटभरात उरकलेला गाडीच्या थांब्याचा विषय पण, शिवाय नियम ३७७ खालचं (लोकसभेत लोकांचे प्रश्न मांडायचा नियम) निवेदन, जे बऱ्याचदा न वाचता नुसतं पटलावर ठेवतात, म्हणजे लेखी देऊन टाकतात. आणि मंत्र्यांचं तर पीआरएसवाले मोजतच नाहीत, ते सरकारच्या वतीने बोलतात ना, तेव्हा कोरा रकाना बघून लगेच बोंब मारू नको.

त्यापेक्षा संसदेच्या साइटवरून एकच भाषण अख्खं वाच. कुठल्या कलमावर बोट ठेवलंय, दुरुस्ती सुचवलीय, की निम्मा वेळ आभार मानण्यातच गेला, लगेच कळतं. मधे कंसात 'व्यवधान' दिसेल, तो गोंधळ 😄 वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो, म्हणून छोट्या पक्षाचा माणूस घंटी वाजायच्या आत भराभरा बोलत असतो, त्याला कमी लेखू नको, कधीकधी तिथेच खरा मुद्दा सापडतो. आणि भाषणात कुरकुर पण मत मात्र पक्षाच्या बाजूने असं दिसलं तर चक्रावू नको, व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली खासदारकीच जाऊ शकते.