खोलीमागच्या पत्र्यावर भुकेली मांजर येते, पण जवळ गेलं की फिस्कारते. तिला काय खायला द्यावं आणि तिची भीती कशी घालवावी?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात भाड्याच्या खोलीत राहता, मागच्या पत्र्यावर एक हडकलेली मांजर येते, दूध ठेवलं की पिते आणि तुम्ही खिडकीशी दिसलात की फिस्कारून पळते. परवा चिकनचा तुकडा टाकला तर तिथं खाल्ला नाही, तोंडात धरून पलीकडे निघून गेली. या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येतो, कारण खरी मेख तिथंच आहे. आधी ते दूध बंद करा.

मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. यार्डात उंदरांना हळदीपेक्षा बारदानात आणि हमालांच्या भाकरीच्या गाठोड्यात जास्त रस, त्यामुळे मांजरं येत-जात असतातच. चार वर्षांपूर्वी ऐन सौद्यांच्या दिवसांत एक पांढरी मांजर आमच्या गाळ्यात शिरली. दिवसभर पोत्यांच्या थप्पीवर लोळून पोट, पाय आणि शेपटीचं टोक पिवळंधमक झालेलं. हमालांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘नवरी’ ठेवलं, हळद लागलेली म्हणून. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तिची अवस्था होती.

मीही तुमच्यासारखंच केलं. चहाच्या दुधातलं अर्धी वाटी दूध, त्यात चपाती कुस्करून. चौथ्या दिवशी नवरीनं निर्यातीला काढलेल्या मालाच्या थप्पीवर जे काही करून ठेवलं ते इथं लिहीत नाही. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एक म्हातारे हमाल शांतपणे म्हणाले, “दिवाणजी, हिला दूध कशाला पाजताय? हगवण लागली की.” पुढे पशुवैद्यांनी तेच सांगितलं. पिल्लू असेपर्यंत आईचं दूध पचतं, पण वाढलेल्या बहुतेक मांजरांच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस पुरेसा उरत नाही. आधीच उपाशी असलेलं जनावर जुलाबानं आणखी सुकतं. दूध ती आवडीनं पिते यावरून ते तिला मानवतं असं समजू नका. तिला पाणी ठेवा, तेही खाण्याच्या ताटलीपासून हातभर लांब. उन्हाळ्यात साताऱ्याच्या पत्र्यावर काय चटका बसतो हे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा ते मातीच्या पसरट भांड्यात आणि सावलीत.

दुसरी चूक आपल्या भागातला प्रत्येक माणूस करतो. मटणाचा रस्सा उरला की हाडं आणि थोडा रस्सा मांजरीला. सातारा असो, सांगली असो, आपला रस्सा कांदा-लसूण मसाल्याशिवाय होत नाही, आणि मांजरीच्या बाबतीत नेमके कांदा आणि लसूण हेच विषारी. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, वाळवून, पूड करून त्यातलं विष जात नाही. एका घासानं मांजर पडेलच असं नाही, पण रोज थोडं थोडं जात राहिलं की ती पांढरीफटक पडते आणि आपण म्हणत बसतो, खाते तरी अंगाला का लागत नाही? शिजलेली हाडंही नकोत, त्यांची कपची निघते आणि घशात किंवा आतड्यात रुतते.

मग द्यायचं काय? मांजर ही पक्की मांसाहारी. भात-चपातीनं तिचं पोट भरतं, पण टॉरिन नावाचा एक घटक तिला मांसातूनच मिळतो. तो कायम कमी पडला की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. चिकनच्या दुकानात कलेजी-पेटा स्वस्तात मिळतो. तो मीठ, हळद, तिखट काही न घालता नुसत्या पाण्यात उकडायचा (हळदीच्या पेढीवरचा माणूस हळद नको म्हणतोय, लक्षात घ्या). कलेजी रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा. बाकी दिवस हाडाविना चिकन किंवा उकडलेलं अंडं. सुकट फार खारट, ती धुऊन, भिजवून, तीही क्वचित. वाढलेल्या मांजरीला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम शिजलेलं चिकन पुरतं. तुम्ही शाकाहारी असाल आणि घरात हे शिजवणं जमत नसेल, तर दुकानातलं मांजराचं कोरडं खाणं आणा. त्यात टॉरिन घातलेलं असतं, त्यामुळे रोजच्यासाठी मुख्य खाणं तेच ठेवलेलं उत्तम. एक सांभाळा: फार दिवसांच्या उपाशी जिवापुढे एकदम ताटलीभर ठेवू नका, बकाबका खाऊन ओकून टाकेल. पहिले तीन-चार दिवस तेवढंच खाणं चार वेळा विभागून द्या.

आता ती जवळ कशी येईल ते. यात मला सव्वा महिना लागला, आणि त्यातले पहिले दहा दिवस मी स्वतःच्या उतावीळपणानं वाया घालवले. ताटली ठेवायचो, “ये ये” करत तिथंच उभा राहायचो आणि तिच्याकडे बघत राहायचो. टक लावून बघणं म्हणजे मांजरीच्या हिशेबात दम देणं. ती थप्पीच्या मागून दोन डोळे दाखवायची आणि मी हलेपर्यंत तिथून हलायची नाही. शेवटी मार्चअखेरच्या हिशेबाचा घोळ निघाला, तेव्हा मी ताटली वाजवून खाली ठेवायचो आणि पाठ करून वहीत डोकं घालायचो. तिसऱ्या दिवशी मागून खाण्याचा आवाज आला. मला वळून बघायचा मोह किती झाला म्हणून सांगू! बघितलं नाही. बेरीज मात्र चुकली.

वेळ एकच ठेवा. आम्ही संध्याकाळी सहा ठेवली होती, सौदे आटोपून यार्ड शांत झाल्यावर. आवाजही एकच ठेवा: ताटलीवर चमच्याचे दोन ठोके, बास. दर दोन-तीन दिवसांनी ताटली स्वतःकडे वीतभर सरकवा. ती बिचकली तर दुसऱ्या दिवशी वीतभर मागे न्या, त्यात कमीपणा नाही. उभे राहू नका. खिडकीशी खाली बसा, तिच्याकडे कूस करून. नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटा, हळूच उघडा. हे मला वेड्यासारखं वाटायचं, पण २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ते पडताळून पाहिलं. माणसानं असे संथ डोळे मिटले की मांजरंही तसेच मिटतात, आणि अनोळखी माणसानं केलं तरी त्याच्याकडे यायला जास्त राजी असतात.

ती स्वतःहून हाताच्या टप्प्यात आली की बोट पुढे करा, तिच्या नाकाच्या पातळीवर, आणि थांबा. नवरीनं पहिल्यांदा माझ्या बोटाचा वास घेतला तेव्हा बोटाला शाईपॅडची शाई होती. तिनं नाक फेंदारलं, एक शिंक दिली आणि मग गालाचा कडेचा भाग बोटावर घासला. तो गाल घासेपर्यंत आपण हात लावायचा नाही. त्यानंतर गाल, हनुवटी, कानामागे, एवढंच. शेपटी झटकायला लागली की हात काढा. पोट दाखवलं तरी पोटाला हात नाही. मी लावला आणि मनगटावर चार ओरखडे घेतले. ओरखडा नखाचा असो की दाताचा, मांजरीपासूनही रेबीज होतो. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. लस तिथं मोफत मिळते. माझ्या चार फेऱ्या झाल्या आणि हमालांना महिनाभर चेष्टेला विषय मिळाला. हळद लावून गप्प बसायचं नाही, हे मी हळदवाला असून सांगतोय.

औषधाचं एवढंच: ती लंगडली, कण्हली, अंग गरम लागलं तरी पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरीच्या यकृताला ते निपटता येत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडाचं औषधही तिच्या अंगावर नको. त्यातल्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजरीला मारक.

आता तो चिकनचा तुकडा. भुकेली मांजर मिळालेला घास तिथंच गिळते, फार तर कोपऱ्यात जाऊन गिळते. तोंडात धरून पत्र्यापलीकडे नेते म्हणजे पलीकडे पिल्लं असण्याची शक्यता मोठी, आणि तीही साधारण चार आठवड्यांच्या पुढची, नुकतीच मांस चाखायला लागलेली. नवरीनं असंच केलं होतं. आम्हाला वाटलं पुढच्यासाठी साठवतेय. आठवडाभरानं जुन्या बारदानाच्या ढिगामागून तीन आवाज आले.

तसं असेल तर तिच्या मागोमाग शोधायला जाऊ नका. जागा कळली असं वाटलं की ती पिल्लांना एकेक करून दुसरीकडे हलवेल आणि तुमची महिन्याची मेहनत जाईल. खाणं मात्र दुप्पट करा, दूध पाजणाऱ्या आईला दीडशे ग्रॅम पुरत नाही. तिचा विश्वास बसला की बहुतेकदा तीच पिल्लांना ताटलीपाशी आणते. पिल्लं सात-आठ आठवड्यांच्या आत माणसाच्या हाताला सरावली तर पुढे त्यांना घर मिळणं सोपं जातं, नंतर अवघड.

आणि पिल्लं दुधावरून सुटली की तिची नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या. मांजरीचे दिवस नऊच आठवड्यांचे असतात आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तुमच्या जिल्ह्यातच, खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही चौकशी करा. पिंजरा नसेल तर आम्ही केलं तसं करा: फळांची दोन प्लास्टिकची क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं आवळली, आत तिचंच मळकं बारदान. आठवडाभर त्याच क्रेटमध्ये जेवायला घातलं होतं, त्यामुळे नवरी आपल्या पायानं आत गेली. टेम्पोत दवाखान्यापर्यंत अशी ओरडली की सिग्नलला माणसं वाकून बघत होती.

परत आल्यावर मात्र चार दिवस ती माझ्या ताटलीकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी सहाला आली, जेवली, आणि शेठच्या गादीवर जाऊन झोपली. गादीवर अजून तो पिवळा डाग आहे.