इंटरनेट कॉलसाठी दोघांचं सिम एकाच कंपनीचं लागतं का?

तुमचं सिम एका कंपनीचं, बहिणीचं दुसऱ्या, व्हॉट्सॲप कॉलवर आवाज तुटतो, म्हणून तिला नंबर तोच ठेवून तुमच्या कंपनीत यायला, म्हणजे पोर्ट करायला लावू का, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात लावू नका. हा प्रयोग आमच्या घरात होऊन गेलाय.

२०१८ ची दिवाळी. आई राजापूर तालुक्यात गावी एकटी, ताई आणि भाऊजी पुण्यात, मी ठाण्यात. आईचा फोन माजघराच्या खिडकीत तांदळाच्या डब्यावर ठेवलेला असायचा, कारण घरात तेवढ्याच जागी रेंजच्या दोन काड्या येत. स्पीकर लावून ती डब्यासमोर उभी राहून बोलायची, हात पिठाचे असले तरी. इंटरनेट कॉलही तिथूनच लागायचा. अधूनमधून तुटायचा, पण लागायचा.

भाऊजींना हे तुटणं खपेना. त्यांचं म्हणणं, आईंचं सिम वेगळ्या कंपनीचं आहे म्हणून हे होतं, सगळ्या घराचं एकच सिम हवं. मी म्हटलं, अहो, डेटा कॉलला त्याचा काय संबंध? तर म्हणाले, तुला यातलं कळत नाही. जावईमाणूस, त्यात दिवाळी, आईने डोळ्यांनीच मला गप्प केलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी १९०० वर मेसेज गेला, कागद दिले, आठवड्याभरात आईचा नंबर नव्या कंपनीत. कंपनीच्या रेंजच्या नकाशावर आमचं गाव हिरवंगार दिसत होतं.

डब्यावर एकही काडी येईना. नवी रेंज मिळायची ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, घरापासून बारा-पंधरा मिनिटांची चढण. आई संध्याकाळी काठी टेकत वर जायची, आमचे मिस्ड कॉल बघायची आणि एकेकाला लावायची. परत पोर्ट करा म्हटलं तर नियम असा की एकदा पोर्ट केलं की ९० दिवस हलता येत नाही. त्या ९० दिवसांत ती तापाने दोन दिवस पडून होती आणि आम्हाला कळलं ते शेजारच्या मुलाच्या फोनवरून, जुन्या कंपनीच्या सिमवरून. मी ताईला फोन केला तेव्हा मागून भाऊजींचा आवाज आला, “ॲप अपडेट करायला सांग त्यांना.”

आता तुमच्या प्रश्नाचं. एकच कंपनी हवी हा समज साध्या कॉलच्या जमान्यातला आहे आणि तेव्हा तो खरा होता, पण खिशापुरता. एका मोबाईल कंपनीतून दुसरीत कॉल गेला की लावणारी कंपनी समोरच्या कंपनीला मिनिटाला १४ पैसे द्यायची. १ ऑक्टोबर २०१७ पासून ते ६ पैसे झाले, १ जानेवारी २०२१ पासून शून्य. त्यामुळे आपल्याच कंपनीत बोलणं स्वस्त पडायचं आणि लोकांच्या डोक्यात तेच बसलं. इंटरनेट कॉल त्या दारातून जातच नाही. तिथे तुमचा नंबर ओळखीपुरता. ॲप आवाजाचे २० ते ६० मिलीसेकंदांचे तुकडे करतं आणि ते तुमच्या कंपनीतून इंटरनेटवर, तिथून बहिणीच्या कंपनीतून तिच्याकडे जातात. कुणाचं सिम कुठलं, हे त्या तुकड्यांना कळतही नाही.

आवाजाला स्पीडही फार लागत नाही, ४० केबीपीएसमध्ये भागतं. त्यामुळे स्पीडटेस्टचे आकडे दाखवून भांडू नका. मारतं ते तुकड्यांचं मागेपुढे पोचणं आणि गळणं. तुमचं बोलणं तिला तुटक येतं पण तिचं तुम्हाला स्वच्छ येतं, असं असेल तर घोळ तुमच्या अपलोडला आहे किंवा तिच्या डाउनलोडला. दोघांनी तिसऱ्याच कुणाला तरी लावून बघा, कुठे ते पाच मिनिटांत कळेल. एकदा वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बोला, मग उलट करा. बहुतेक वेळा दोषी निघतो तो घरचा वायफाय, ज्यावर शेजारच्या खोलीत कुणीतरी मॅच बघत असतं.

बदलायचंच तर जिच्या घरात जी रेंज येते ते सिम घ्या, कंपनी कुठलीही असो. आमच्या गावात आता केबलवाल्याने फायबर ओढलंय. आईचं सिम परत जुन्या कंपनीचं, वायफाय तिसऱ्याच कुणाचं, ताईचं सिम आणखी वेगळं, आणि डब्यावरून स्वच्छ बोलणं होतं.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. बहीण दुबईकडे असेल तर हे सगळं विसरा, तिथे व्हॉट्सॲपचे कॉल चालू देत नाहीत, परवानगी असलेलं ॲप घ्यावं लागतं. आणि घरी वायफाय असून रेंज नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे साधाच कॉल वायफायवरून जातो. आपल्याकडे ते डिसेंबर २०१९ पासून आहे, त्याला ॲप लागत नाही आणि समोरच्याकडे बटणांचा फोन असला तरी चालतं. फक्त आपला फोन आणि कंपनी, दोघांकडे ती सोय हवी.

भाऊजी हे वाचत असतील तर: त्या ९० दिवसांचे रिचार्ज मीच मारले होते. अजून यायचेत.