शेळीची अंडपेशी ‘पिकते’, उबत नाही

प्रश्न असा आला आहे: शेळीची अंडपेशी प्रयोगशाळेत फलनाला तयार करतात, त्या क्रियेला परिपक्वन म्हणायचं की प्रौढीकरण?

आधी तो ‘उबवणे’ शब्द बंद करा. इन्क्युबेटर दिसला, ३८.५ अंश सेल्सिअस वाचलं, की लगेच ‘शेळीची अंडी उबवली’ असं लिहून मोकळे! उबवल्यावर पिल्लू बाहेर येतं. इथे अजून फलनसुद्धा झालेलं नसतं.

खरा शब्द ‘पच्’ या धातूत आहे. पच् म्हणजे शिजणं, पिकणं, पचणं, तिन्ही. पक्व, पाक, पक्वान्न, पचन ही त्याचीच लेकरं. प्राकृतातल्या ‘पिक्क’वरून आपलं पिकणं आणि पीक. ग्रीक ‘पेप्सिस’वरून घडवलेलं पेप्सिन याच कुळातलं, इंग्रजांचा कुकही. आणि स्वयंपाक! आज तो फक्त चुलीपाशी उरलाय, पण ‘पाक’चा पिकणं हा अर्थ जुना आहे, मनुस्मृतीत ओषधींना, म्हणजे धान्यासारख्या वनस्पतींना, ‘फलपाकान्ता’ म्हटलंय, फळ पिकलं की संपणाऱ्या. आता गंमत बघा. १९३५ साली पिंकस आणि एन्झमन या संशोधकांनी सशाच्या अंडपेशी पुटिकेबाहेर, म्हणजे अंडाशयातल्या ज्या पिशवीत त्या वाढतात तिच्याबाहेर, काढल्या, तर त्यांचं थांबलेलं विभाजन आपलं आपणच पुढे सुरू झालं. शेळीतही तेच होतं. अक्षरशः स्वयं-पाक! याहून नेमका शब्द मला तरी दुसरा दिसत नाही.

पण घोटाळा इथेच आहे. पुटिकेतून सुईने ओढून घेतलेल्या अंडपेशीत सायक्लिक एएमपी, म्हणजे विभाजन रोखून धरणारा रेणू, झपाट्याने उतरतं आणि केंद्रक घाईने पुढे सरकतं. २४ ते २७ तासांत पहिला ध्रुवपिंड, म्हणजे विभाजनात वेगळी पडणारी चिमुकली पेशी, बाहेर पडतो, भोवतीच्या पेशींचा घट्ट झुबका फुलून चिकट, सैल होतो. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठीक. केंद्रकाभोवतीचं पेशीद्रव मात्र मागेच राहिलेलं असतं. पाड न लागलेला आंबा अढीत घातला तर साल पिवळी आणि कोयीजवळ आंबट, तसं. म्हणून सुधारणेच्या प्रयत्नांत सायक्लिक एएमपी काही काळ टिकवून केंद्रकाला थोपवतात, किंवा अंडपेशी ठेवलेल्या पोषक द्रावात सिस्टिअमाइन हे रसायन घालून पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य वाढवतात.

एका ज्येष्ठ अभ्यासकांचा आग्रह आहे की ‘पिकवणे’ ग्राम्य, शास्त्राला ‘परिपक्वन’च हवं. मला हे साफ अमान्य. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी, पूर्णपणे. जी क्रिया अनेकदा अर्धवट राहते, तिच्या नावातच पूर्णत्व कोंबायचं? मग ‘परिपक्वन अपुरे राहिले’ अशी विचित्र वाक्यं लिहावी लागतात. त्यापेक्षा ‘केंद्रक पिकलं, पेशीद्रव कच्चं राहिलं’ हे वाक्य उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्यालाही कळतं आणि त्यात शास्त्रही सांडत नाही. क्रियेला ‘पक्वन’ म्हणा, बोलताना ‘पिकवणे’. ‘परिपक्व’ राखून ठेवा ते दोन्ही अंगांनी तयार झालेल्या अंडपेशीसाठी.

‘प्रौढीकरण’ राहिलंच. प्रौढ म्हणजे प्र + ऊढ, धातू वह्, वाहून नेणं; ऊढा म्हणजे लग्न झालेली. नवोढा आणि विवाह त्याच घरचे. अंडपेशीची अजून शुक्रपेशीशी गाठही पडलेली नाही, तिला इतक्यात ऊढा करू नका.