सातेरीची नवी पेटी किती वेळा उघडावी?

प्रश्न : महिन्यापूर्वी परसात सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवली आहे. राणीमाशी आहे ना, या काळजीने मी दर दोन-तीन दिवसांनी पेटी उघडतो. पण ती सहसा दिसत नाही. तपासणी कशी करावी? पावसाळ्यात काय पाहावे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : राणी शोधण्याचा नाद आपण सोडावा, तिची अंडी दिसली की पुरे. अंड्यातून साधारण ३ दिवसांत अळी निघते, त्यामुळे पोळ्याच्या घरांत तळाशी एकेकच बारीक पांढरे अंडे आढळले, तर दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी नक्कीच कामावर होती, असे खुशाल समजावे. मात्र बऱ्याच घरांत दोन-चार अंडी, तीही घराच्या भिंतींना चिकटलेली दिसली, तर बहुधा राणी नाहीशी झाली असून कामकरी माश्याच अंडी घालत आहेत. त्यांतून केवळ नर निपजतात. अशी वसाहत आपली आपण सावरत नाही. अनुभवी मधपाळाला लगेच बोलवावे.

सातेरी वारंवार छेडली गेली किंवा उपाशी राहिली, तर सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते, आणि ही खोड तिच्यात परदेशी मेलिफेरा जातीच्या मधमाशीपेक्षा बरीच जास्त आहे. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांतून एकदा, वारा नसलेल्या उन्हाच्या सकाळी, पेटीच्या मागे उभे राहून, बेताचा धूर देऊन पाहणी करावी व ती दहा मिनिटांत आटोपावी. पोळे बांधलेली लाकडी चौकट पेटीवरच आणि उभीच धरावी, कारण नवे पोळे मऊ असते आणि आडवे केल्यास तुटून पडते. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरे दिसली, तर वसाहत फुटण्याच्या, म्हणजे काही माश्या राणीसह वेगळ्या होऊन निघून जाण्याच्या, तयारीत असते.

पावसाळ्यात फुले कमी, ओल जास्त. तेव्हा पेटी उघडीप पाहूनच उघडावी आणि साठा संपत आला असल्यास साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडलेला पाक मुंग्यांना आणि शेजारच्या वसाहतींतील लुटारू माश्यांना आमंत्रणच देतो. (मध काढण्याच्या हंगामात पाक देऊ नये, नाहीतर बाटलीत तोच उतरेल.) याच काळात पोळ्याचे मेण खाणारा मेणकिडा बळावतो. माश्यांनी न झाकलेली जुनी, काळी पोळी काढून टाकावीत, तळपाटावरचा मेणाचा चुरा दर वेळी झाडावा आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीचे (स्टँडचे) पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.