झिंक-सेलेनियमचा डोस वाढवल्याने मेंदूचे रक्षण वाढते का?

खानापूर तालुक्यातील ताईंनी विचारले आहे की, सत्तरी ओलांडलेल्या वडिलांचा विसरभोळेपणा वाढल्यामुळे मेडिकलमधून आणलेली झिंक, सेलेनियम, तांबे आणि मँगनीज असलेली ‘अँटिऑक्सिडंट’ गोळी दिवसातून दोनदा द्यावी का. माझ्या मते देऊ नये.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजनचा सुमारे 20 टक्के वापर त्याचा, आणि त्याच्या पेशींच्या आवरणांत लवकर खवट होणारी स्निग्धाम्ले भरपूर. त्यामुळे या वापरातून निर्माण होणाऱ्या सुपरऑक्साइडसारख्या उपद्रवी कणांचा बंदोबस्त जागच्या जागी व्हावा लागतो. तो सुटी खनिजे करत नाहीत, ती ज्यांत बसवलेली असतात ती एन्झाइम (पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) करतात. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या जीवरसायनशास्त्रज्ञांनी 1969 मध्ये दाखवून दिलेल्या सुपरऑक्साइड डिसम्यूटेजच्या पेशीद्रवातील प्रकारात तांबे व झिंक असते, मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातील, प्रकारात मँगनीज. हे एन्झाइम सुपरऑक्साइड मोडते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड उरतो. त्याचे पाणी करणाऱ्या ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागते. आहारात सेलेनियम कमी पडले तर यकृतातील साठा आधी घटतो, मेंदू मात्र आपला वाटा बराच काळ राखून ठेवतो. एन्झाइमची गरज भागली की जादा खनिजाचा उपयोग नाही. उलट मोकळे लोह किंवा तांबे त्याच पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल हा कितीतरी घातक कण तयार करते. विल्सन या आनुवंशिक रोगात शरीरात साठलेले तांबेच मेंदू बिघडवते.

गोळीच्या वेष्टनावर पुष्कळदा ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मि.ग्रॅ.’ असे छापलेले असते. त्यात प्रत्यक्ष झिंक सुमारे 22.5 मि.ग्रॅ. असते. दोन गोळ्यांचे 45 झाले, आणि प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा 40 मि.ग्रॅ. आहे. जास्तीचे झिंक आतड्यात तांब्याची वाट अडवते. हे दीर्घकाळ चालले तर रक्तक्षय होतो, पाय बधिर होतात आणि चाल डळमळते. (म्हातारपण म्हणून सोडून दिलेली लक्षणे कधी अशीही असतात.)

साडेसात हजारांहून अधिक वयस्क पुरुषांवरील प्रीॲडव्हाइज अभ्यासात सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाने स्मृतिभ्रंश टळला नाही, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

आपल्याकडच्या ज्वारीत आणि मसुरात झिंक असते, पण धान्य-डाळींतल्याच फायटेट या खनिजे अडकवून ठेवणाऱ्या घटकामुळे ते पूर्ण अंगी लागत नाही. म्हणून मसुराला मोड आणावेत, नाचणीची आंबील आंबवूनच करावी. तांब्याच्या कळशीतील पाणी चालेल, मात्र कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवू नये.

गोळी वाढवण्याआधी वडिलांचे बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. विसरभोळेपणाची ही कारणे वेळेत सापडली तर उपचार होतो. डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळी औषधे, झोपेच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून न्या.