वाचकांचे प्रश्न: पांढरा लेप नेमका कुठून सुटतो?

प्रश्न (अंबड, नाशिक): निकेल सुपरअलॉयच्या (तीव्र उष्णतेत टिकणाऱ्या मिश्रधातूच्या) चौकोनी तुकड्यांवर आम्ही प्लाझ्मा स्प्रेने, म्हणजे वितळलेल्या पावडरीच्या फवाऱ्याने, बाँड कोट (लेप धरून ठेवणारा धातूचा थर) आणि त्यावर झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचा उष्णतारोधक लेप देतो. भट्टीत 1100 अंश सेल्सिअसला तासभर ठेवून बाहेर हवेत गार करतो. पंधरा-वीस फेऱ्यांतच पोपडे सुटतात. लेप आणखी जाड करावा का?

उत्तर: मुळीच नको, जाड लेप उलट लवकर सुटेल. गार होताना सुपरअलॉय झिर्कोनियापेक्षा जास्त आकसतो आणि लेप जितका जाड, तितकी त्याला सोलून काढणारी ऊर्जा जास्त साठते. चाचणीला 250 ते 300 मायक्रॉन पुरेत.

आधी सुटलेला पोपडा उलटा करून भिंगाखाली पाहा. खरे उत्तर तिथेच असते. पोपड्याची खालची बाजू पांढरी असून तुकड्यावरही पांढरे राहिले असेल, तर तडा सिरॅमिकमधून, बाँड कोटच्या जरासा वरून गेला आहे. प्लाझ्माने दिलेला लेप शेवटी असाच जातो, पण वीस फेऱ्यांत नाही. अशा वेळी कडा आणि बाँड कोटचा खडबडीतपणा तपासा. उघड्या पडलेल्या बाँड कोटवर हिरवट-निळसर छटा दिसली, तर अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) पातळ, घट्ट थर धरण्याऐवजी निकेल-क्रोमियमची ऑक्साइडे भराभर वाढली आहेत. बाँड कोटमध्ये पुरेसे अ‍ॅल्युमिनियम उरले नाही, असा त्याचा अर्थ. आणि पोपड्यासोबत बाँड कोटही निघून आला असेल, तर चूक मूळ धातूच्या ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे कणांचा मारा करून तो खडबडीत करण्यात, आहे.

ब्लास्टिंगला 24 ते 36 मेशची (चाळणीच्या मापाची) अ‍ॅल्युमिना ग्रिट, म्हणजे धारदार कण, घ्या आणि बोथट झाली की बदला. नोझल सरळ नव्वद अंशांत धरू नका, ग्रिटचे कण धातूत रुततात. त्यानंतर तुकड्याला उघडा हात लावू नका. तास-दोन तासांत बाँड कोट चढलाच पाहिजे. निकेल-कोबाल्ट-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियम-इट्रियमचा हा थर 100 ते 150 मायक्रॉन ठेवा. झिर्कोनिया त्याच्या खडबडीतपणालाच धरून बसतो, म्हणून बारीक पावडर टाळा आणि वरून पुन्हा ब्लास्टिंग करू नका. निर्वात भट्टीत 1080 अंशांला चार तास ठेवल्यास बाँड कोट मूळ धातूशी एकजीव होतो. ही पायरी वाचवण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि तीच पुढे महागात पडते.

चौकोनी तुकडे मात्र बदलाच. कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि पहिला पोपडा तिथूनच सुटतो. 25 मिमी व्यासाच्या गोल चकत्या घ्या, कड दीड मिमी त्रिज्येने गोल करा. सुमारे 20 टक्के पृष्ठभाग उघडा पडला की नमुना संपला असे धरा; कडेच्या टवक्यांची नोंद वेगळी ठेवा.

नाशिकच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी: पावडर उथळ ट्रेमध्ये पसरून 120 अंशांला दोन तास वाळवा. दमट पावडर फीडरमध्ये अडकत-सुटत येते आणि लेपात न वितळलेले गोळे राहतात.

प्रश्न (नाशिक रोड): झिर्कोनियात इट्रिया (इट्रियमचे ऑक्साइड) कशासाठी? शुद्ध झिर्कोनिया का चालत नाही?

उत्तर: शुद्ध झिर्कोनिया गार होताना स्फटिकरचना बदलतो आणि 4 ते 5 टक्के फुगतो; लेपाचा भुगाच होतो. इट्रिया हा बदल रोखते. वजनाने 6 ते 8 टक्के इट्रियाचा लेप सर्वांत जास्त टिकतो, हे 1970च्या दशकात नासाच्या स्टीफन स्टेकुरा यांनी दाखवले. जास्त इट्रिया म्हणजे जास्त टिकाऊ, असे नाही. रचना घनाकार होते आणि चिवटपणा जातो. 1200 अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास 7 टक्क्यांचा लेपही विघटित होतो. त्यापुढे गॅडोलिनियम झिर्कोनेट वापरतात, पण ते अ‍ॅल्युमिनाशी अभिक्रिया करते आणि ठिसूळही असते, म्हणून खाली नेहमीच्या झिर्कोनियाचा थर द्यावाच लागतो.

प्रश्न (सातपूर): लेप कापून पाहिल्यावर आमच्या काटछेदात सच्छिद्रता 25 टक्के दिसते. अपेक्षा 10 ते 15ची होती.

उत्तर: फवारणीची सेटिंग बदलण्याआधी नमुना पुन्हा तयार करा. घासताना सिरॅमिकचे कण उपटले जातात आणि ते खड्डे छिद्रांसारखे दिसतात. कापण्याआधी निर्वातात पातळ इपॉक्सी मुरवा. कापणारे चाक लेपाकडून धातूकडे जाऊ द्या, उलट दिशेने कापल्यास लेप ओढला जातो. कापल्यावर पुन्हा इपॉक्सी मुरवा, आणि पॉलिशिंगमध्ये प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याचे खड्डे जाईपर्यंत थांबा.