रिकाम्या जागा भरता येतात, उतारा वाचता येत नाही

“मुलाचं इंग्रजी व्याकरण पक्कं आहे, शब्द तोंडपाठ आहेत, मग उतारा समोर आला की त्याला होतं तरी काय?” चीनमध्ये माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या पालकांशी बोलताना हा प्रश्न इतक्यांदा येतो की हल्ली आई खुर्चीत टेकायच्या आधीच तो मला ऐकू येतो. त्यामागे दोन शंका असतात. एक उघडपणे बोलली जाते: पोरगं निष्काळजी आहे, नीट लक्ष देत नाही. दुसरी मूल बाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून: डोक्यात काही कमी तर नाही ना याच्या?

बहुतेक वेळा दोन्ही शंका चुकीच्या असतात. का, ते मिंगच्या निमित्ताने सांगते. नाव खरं नाही, ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. चिनी गणिताच्या पुस्तकांत सफरचंदं मोजणारा मुलगा हमखास ‘छोटा मिंग’ असतो, म्हणून हे नाव घेतलं.

मिंग सुझौमधल्या एका शाळेत नववीत होता. तिथे सहा वर्षं प्राथमिक आणि तीन वर्षं माध्यमिक शाळा असते, आणि नववीच्या शेवटी, जूनच्या सुमाराला, झोंगखाओ नावाची परीक्षा होते. आपल्याकडे बारावीनंतरच्या गाओखाओची, म्हणजे विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेची, चर्चा जास्त, पण अनेक चिनी घरांत खरी धडकी झोंगखाओचीच असते. या परीक्षेत मागे पडलेल्या मुलांना सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळेत जागा मिळत नाही. त्यांतली बरीच व्यावसायिक शाळांकडे वळवली जातात. पंधराव्या वर्षी ही चाळणी लागते. चिनी, गणित आणि इंग्रजी हे तिचे तीन मुख्य विषय.

ऑक्टोबरमधली राष्ट्रीय दिनाची सुट्टी संपली आणि मिंगची आई त्याला घेऊन आली. (तिथेही पालकांना ‘अमक्याची आई’ म्हणूनच हाक मारतात, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही.) सोबत त्याची चुकांची वही होती. प्रत्येक परीक्षेत चुकलेला प्रश्न कापून चिकटवायचा, खाली लाल शाईने बरोबर उत्तर आणि नियम लिहायचा, ही चीनमधल्या शाळांची जुनी रीत आहे आणि माझ्या मते चांगली आहे. मिंगची वही जाडजूड होती. त्यात व्याकरणाच्या सुट्या बहुपर्यायी वाक्यांची पानं जेमतेम, उताऱ्यांची पानंच पानं.

“लाओशी (म्हणजे बाई), ‘हू’ कुठे आणि ‘विच’ कुठे, हे याला झोपेत विचारलं तरी येतं,” आई म्हणाली. “मग पंधरा ओळी वाचून काय घडलं ते का सांगता येत नाही?”

आधी शंका निकालात काढायला हव्या होत्या. चष्म्याचा नंबर ताजा होता, ऐकू व्यवस्थित येत होतं. चिनी उतारा त्याने झरझर वाचून सांगितला. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही, कारण चिनी लिपीत न अडखळणाऱ्या मुलाला अक्षरं जुळवून वाचायच्या लिपीत वाचनदोष असू शकतो. म्हणून मी त्याला इंग्रजीसारखे दिसणारे, पण अर्थ नसलेले शब्द वाचायला दिले. तेही त्याने नीट वाचले. सकाळच्या पहिल्या तासाआधी सगळ्या वर्गाने मोठ्याने वाचायचं, ही पद्धत तिथे घट्ट रुजलेली आहे. त्याचे उच्चार तिथेच घडले होते. अक्षरांपासून आवाजापर्यंत सगळं ठीक होतं. अडत होतं ते त्यापुढे.

मग मी एक वाक्य लिहिलं: ‘द बॉय हू सॅट नेक्स्ट टू माय सिस्टर इज अ डॉक्टर.’ ‘हू’च्या जागी आधी रिकामी जागा ठेवून चार पर्याय दिले. त्याने पेन टेकवतानाच उत्तर दिलं. वर नियमही सांगितला: माणसासाठी हू, वस्तूसाठी विच. मग विचारलं, डॉक्टर कोण?

“बहीण.”

आई काहीतरी बोलणार होती, तिला मी थांबवलं. मिंगचं उत्तर अडाणीपणाचं नव्हतं. चिनी भाषेत नामाचं सगळं वर्णन नामाच्या आधी येतं आणि ‘द’ या छोट्या चिनी शब्दाने (इंग्रजी ‘द’ वेगळा) त्याला जोडलं जातं. ‘माझ्या बहिणीशेजारी बसलेला मुलगा डॉक्टर आहे’ या मराठी वाक्यासारखंच चिनीतही वर्णन आधी आणि मुलगा नंतर येतो. म्हणजे चिनी वाचकाला, आणि मराठीही, ‘डॉक्टर आहे’च्या लगेच आधी जो उभा असेल तोच डॉक्टर, अशी आयुष्यभराची सवय असते. इंग्रजीत वर्णन नामाच्या मागून लटकतं. त्यामुळे ‘इज अ डॉक्टर’च्या शेजारी येऊन उभी राहते बहीण. मिंगने आपल्या मातृभाषेच्या हिशेबाने अगदी तर्कशुद्ध वाचन केलं होतं.

अशा जागा आणखी आहेत. चिनीत क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही, त्यामुळे ‘हॅड लेफ्ट’ आणि ‘लेफ्ट’ यांतला आधी कोण गेलं हा फरक डोळ्यांना दिसतो पण मनात उमटत नाही. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ यांचा चिनी उच्चार एकच आहे, ‘था’. त्यामुळे उताऱ्यात ‘ही’ आणि ‘शी’ येत राहिले की कोण काय म्हणालं याचा गुंता होतो, आणि हा गुंता हुशार मुलांचाही होतो. शिवाय चिनीत ‘जरी’ म्हटलं की पुढे बहुतेक वेळा ‘पण’ येतंच. म्हणून मुलं ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ घालतात, आणि वाचताना ‘बट’ दिसलं नाही की वाक्यातला विरोधच त्यांच्या लक्षात येत नाही. जरी-तरीच्या जोडीवर वाढलेल्या आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या वह्यांतही हीच चूक सापडते.

मिंगला हे नियम माहीत नव्हते का? होते. पण ते त्याला पर्याय निवडण्यापुरते माहीत होते. रिकामी जागा दिसली की नियम जागा व्हायचा. रिकामी जागा नसेल तर झोपलेला असायचा. यात शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, मी देत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात नियम शिकवायचा, वीस वाक्यं सोडवून घ्यायची, तपासायची, याला वेळ पुरतो. प्रत्येकाने उताऱ्यातून काय घेतलं हे विचारायला पुरत नाही.

त्यात शिकवणीतल्या युक्तीची भर पडली होती. २०२१ च्या जुलैमध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या नफ्याच्या शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, शनिवार-रविवारचे असे वर्ग बंद केले. गरज मात्र बंद झाली नव्हती, त्यामुळे घरगुती ओळखीतून मिंगला शिकवणारे कोणी ना कोणी यायचे. त्यांनी शिकवलं होतं: आधी प्रश्न वाच, त्यातला शब्द उताऱ्यात शोध, सापडलं ते वाक्य उत्तर. ‘किती वाजता’, ‘कुठे’ अशा प्रश्नांना हे लागू पडतं. ‘लेखकाला काय वाटतं’, ‘उताऱ्याला शीर्षक द्या’ इथे ही युक्ती तोंडघशी पाडते. मिंग उतारा वाचतच नव्हता, तो त्यात शोधाशोध करत होता. त्याच्या वहीत मी नुसतं प्रश्नांच्या प्रकारांवर बोट ठेवून दाखवलं. आईला पुढे समजवावं लागलं नाही.

वडिलांचं मन वळवायला वेळ लागला. ते १९९० च्या दशकात शिकलेले, म्हणजे लि लेई आणि हान मेइमेइ या दोन पात्रांच्या इंग्रजी पुस्तकावर वाढलेले; त्या पिढीला ही दोघं वर्गमित्रांसारखी आठवतात. त्यांचा सरळ सवाल होता, “आम्ही पाठ करूनच शिकलो. आता व्याकरणाचा आणखी एक वर्ग लावू की गोष्टी वाचायला देऊ? गोष्टींना गुण असतात का?” मी विचारलं, तुम्ही स्वतः इंग्रजी कुठे वाचता? ते कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघत, परदेशी यंत्रांची माहितीपुस्तकं वाचत. लांबलचक वाक्य आलं की काय करता? “आधी क्रियापद शोधतो. काय फिरवायचं, काय बंद करायचं. बाकीचं नंतर.” हे तुम्हाला शाळेने शिकवलं? ते हसले. हेच मिंगला हवं आहे, एवढंच मी म्हणाले.

गुणांचा मुद्दा मात्र टाळण्यासारखा नव्हता. गाओखाओच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकांतून सुटी व्याकरणाची बहुपर्यायी वाक्यं केव्हाच गेली आहेत. तिथे व्याकरण सलग मजकुरातल्या गाळलेल्या जागांत विचारलं जातं. मिंग ज्या प्रश्नात पैकीच्या पैकी मिळवत होता, तो त्याच्या पुढच्या वाटेवर फार काळ सोबत देणार नव्हता. हे ऐकल्यावर वडिलांनी वर्गाचा विषय सोडला, निदान माझ्यासमोर तरी.

काम आम्ही दोन बाजूंनी केलं. पहिली वाक्याची. दिवसाला मोजकीच लांब वाक्यं, शक्यतो त्याच्याच चुकलेल्या उताऱ्यांतली. मुख्य क्रियापदाखाली रेघ. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ दिसलं की तिथून कंस सुरू आणि वर्णन संपेल तिथे बंद. कंस झाकून उरलेलं वाक्य वाचायचं. ‘द बॉय इज अ डॉक्टर.’ मग कंस उघडायचा: कुठला मुलगा? नियमाचं नाव विचारायचं नाही. कोणी काय केलं, एवढंच चिनीत सांगायचं. त्याला अवघड गेलं ते कंस कुठे बंद करायचा हे, आणि तिथेच आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. दुसरं क्रियापद येण्याआधी थांबून बघ, ही खूण त्याची त्यानेच काढली.

दुसरी बाजू सोप्या वाचनाची, आणि तिथे खरा अडथळा अभिमानाचा होता. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम सांगतं की कोणाची मदत न घेता मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. पन्नास शब्दांत एखादाच नवा. मिंगच्या सराव-उताऱ्यांत दर ओळीला नवा शब्द असायचा आणि तो प्रत्येकावर चिनी अर्थ लिहायचा; शेवटी तो स्वतःचं चिनीच वाचायचा, तेही तुटक. त्याच्या पातळीची पुस्तकं पुढे ठेवली तर म्हणाला, “ही तर प्राथमिकची आहेत.” वर्गात कोणी पाहिलं तर? ही लाज खरी असते, तिला उपदेशाने हटवता येत नाही. म्हणून पुस्तकं बाजूला ठेवली आणि बास्केटबॉल घेतला. चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंग अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या संघात गेल्यापासून चिनी मुलांना अमेरिकी बास्केटबॉलचं वेड आहे आणि मिंगला खेळाडूंची कुंडली पाठ होती. सोप्या इंग्रजीतले सामन्यांचे छोटे वृत्तांत त्याला मिळवून दिले.

हे लाड नव्हते. १९८८ साली अमेरिकेत सातवी-आठवीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात बेसबॉलचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्च्या पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांना, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा उतारा जास्त समजला. विषय ओळखीचा असला की एखादा शब्द अडला तरी वाचक पुढे सरकतो. मिंगने पहिल्यांदा पेन्सिल न उचलता एक पान संपवलं ते असंच, आणि मग वैतागून म्हणाला की वृत्तांत लिहिणाऱ्याला बचाव म्हणजे काय तेच कळत नाही. उताऱ्याच्या लेखकाशी तो पहिल्यांदाच भांडत होता! ‘लेखकाला काय वाटतं’ हा प्रश्न त्याने कोणी न विचारताच सोडवला होता.

घरासाठी एकच अट होती: वाचताना शेजारी बसायचं नाही आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. आईने ती पाळली. वडील दारातून डोकवायचे. चीनच्या २०११ च्या अभ्यासक्रमात नववी संपेपर्यंत पाठ्यपुस्तकाबाहेरचं एकूण दीड लाख शब्दांचं वाचन अपेक्षिलं होतं. ऐकायला डोंगर वाटतो, पण माध्यमिकच्या तीन वर्षांत वाटला तर रोजचे दीडशे शब्दही होत नाहीत. हा हिशेब मी वडिलांना मुद्दाम लिहून दिला. आकड्यांच्या माणसाला आकडा धीर देतो.

पुढच्या एका चाचणीत व्याकरणाच्या प्रश्नात त्याचे गुण किंचित घसरले आणि घरात पुन्हा वादळ आलं. ते अपेक्षितच होतं. रोजचा तो सराव कमी केला होता. उताऱ्यांचे गुण हळूहळू चढले, आधी माहितीच्या, बऱ्याच उशिराने निष्कर्षाच्या प्रश्नांत. झोंगखाओनंतर त्याला सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळा मिळाली, शहरातली नामांकित नव्हे. वडिलांना हळहळ वाटली. माझ्या दृष्टीने ती त्याच्यासाठी योग्य शाळा होती, पण हे मी त्यांना सांगितलं नाही; तेव्हा त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

महाराष्ट्रातून सेमी-इंग्रजीच्या मुलांचे पालक जवळपास हाच प्रश्न लिहून पाठवतात, म्हणून घरी करता येईल अशी तपासणी सांगते. मुलाच्या आवडीच्या विषयावरचा सोपा इंग्रजी परिच्छेद द्या. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून मराठीत विचारा: कोणी, काय, का केलं? सांगता आलं तर मुलाचं डोकं ठीक आहे, शाळेतले उतारे त्याच्या पातळीच्या वरचे आहेत. महिनाभर तरी पातळी खाली आणा. सांगता आलं नाही, तर तेच तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि पुन्हा विचारा. ऐकून समजतं पण वाचून समजत नाही, अक्षरं उलटसुलट होतात, ओळ सुटते, मराठी वाचतानाही दम लागतो, असं काही दिसलं तर शिकवणी लावण्याआधी डोळे तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करणाऱ्या मानसतज्ज्ञांना भेटा. अशा मुलाला मी वर सांगितलेल्या कंसांचा काही उपयोग होणार नाही, त्याची मदत वेगळी असते.